विषय क्रमांक चार

दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर,
खाली चष्म्याचं दुकान, वर आमचा
कै. गजराबाई दुर्वे विद्यार्थी साहाय्यक निधी.
पाटी गुजरातीत रंगवून घेतली तेव्हा
रंगाऱ्यानं दुर्वेचं दूर्वा केलं.
दुरुस्तीचा ठराव तीन सभा पुढे गेला,
मग आम्हालाच पाटीची सवय झाली.

गजराबाई सुईण होत्या.
एका बाळंतपणाचे किती घेतले, वहीत आहे.
कुणाकडून घेतले नाहीत, तेही.
शेवटी सोळा तोळे उरले, ते मोडून
एकतीस साली न्यासपत्र लिहवून घेतलं:
'दुर्वे कुळातील अथवा अन्य गरजू.'
त्या 'अथवा'वरून आम्ही चौऱ्याण्णव वर्षं
पाय न लावता पलीकडे गेलो,
उंबऱ्यावरून जातात तसे.

इतिवृत्त मी लिहिते. अकरा वर्षं.
'सर्वानुमते' हाताला इतका बसलाय
की सभेच्या आधीच मी तो
ओळीच्या शेवटी लिहून ठेवते.
सभेनं त्याच्यापर्यंत चालत यायचं.

आज अर्ज दोन, पैसे एकापुरते.
अन्वी दुर्वे, वास्तुकला, पहिलं वर्ष.
माझी मुलगी.
सुरेखा राठवा, नर्सिंग.
तिच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर पाण्याची रेघ,
विश्वामित्री घरात शिरली तेव्हाची.
गणिताच्या खालचं काही वाचता येत नाही.

रणजित पडद्यावर, न्यू जर्सीत सकाळ,
'डुप्लिकेट मागवूया ने,' म्हणाला.
जयसिंगकाका अध्यक्ष. म्हणाले,
'दिवा आधी देवघरात, मग ओट्यावर.'
मेहेंदळे वकिलांनी मान हलवली,
ती ते झोपेतही हलवतात.
आत्या लिल्या चिवड्यातले मनुके
बशीच्या कडेला मांडत बसली होती.
'हेमांगी, तू जरा बाहेर जा,' म्हणाली.
रागानं नाही.
ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांना सांगतात तसं.

वही टेबलावर राहिली. पेन वहीत.

जिन्यात एक गृहस्थ बसलेले,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत मूळ गुणपत्रिका, वाळवून
वर इस्त्री फिरवलेली.
सरकून त्यांनी मला जागा दिली.
'तमारुं पण अंदर छे?'
हो, म्हटलं.
खाली चष्मेवाला कुणाची तरी नजर तपासत होता,
'आ वांचो. हवे आ.'
आम्ही दोघंही ऐकत राहिलो
ओळ ओळ बारीक होत जाताना.

विसाव्या मिनिटाला हाक आली.
माझ्या पानावर आत्याचं अक्षर,
मोठं, डावीकडे कललेलं:
'विषय ४. मतं दोन विरुद्ध दोन.
अध्यक्षांचं जादा मत घरच्या मुलीला.
माझं विरुद्ध होतं. तसं लिहावं.'
आणि मी आधीच लिहिलेल्या त्या शब्दावर
एक रेघ. एकच.
शब्द वाचता येईल अशी.

दुसरं विरुद्ध मत कुणाचं, ते नाही लिहिलेलं.
रणजित पडद्यावर अर्धं तोंड उघडून गोठला होता,
नेट गेलं होतं.
वकील चष्मा पुसत होते.

काकांनी पेढा पुढे केला.
मी घेतला. खोटं कशाला लिहू,
बरं वाटलं मला.
जिन्यातल्या माणसाला काय सांगायचं, कुणी सांगायचं,
हे कुणी ठरवलं नव्हतं.
त्या विषयाला क्रमांक नव्हता.
मीच गेले. काय बोलले ते आठवत नाही,
पिशवीची घडी घालताना झालेला आवाज आठवतो.

आता रात्री पक्की प्रत.
पक्क्या प्रतीत खोडलेलं उतरत नाही,
शब्द असतो, नाहीतर नसतो.
प्रत्येक इतिवृत्ताच्या माथ्यावर
न्यासाचा उद्देश लिहायची आमची पद्धत आहे,
ती ओळ डोळे मिटून येते मला.

अन्वी दारातून विचारते,
'आई, झालं का?'
थांब, म्हणते,
'अथवा'पर्यंत आलेय.